आपला की परका?

मागच्या रविवारी गच्चीवर वाळत घातलेले सांडगे काढायला गेलो होतो. हातात परात, मागे आठवीतली मुलगी. तेवढ्यात सांबऱ्याच्या बाजूने विमानाचा आवाज आला. आम्हा बेळगावकरांना त्याचे नवल नाही. मी मान वर केली नाही. पण पलीकडच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालणारे सुभेदार काका थांबले, कपाळावर हात धरून पाहू लागले आणि पुटपुटले, "पंख वर, दोन पंखे, शेपटीवर आडवी पट्टी. एटीआर." मग पुन्हा कुंड्यांकडे वळले.

काका लष्कराच्या हवाई संरक्षण दलातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षे झाली. खांद्यावरून डागायचे क्षेपणास्त्र त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. मी विचारले, "काका, अजून सवय गेली नाही?"

"कुठली जातीय वो सर! पाडायचं शिकायला काही महिने लागले. कुणाला पाडायचं नाही, ते शिकण्यात सगळी नोकरी गेली."

वाचकहो, मी इतिहास शिकवतो. हे वाक्य ऐकले आणि संध्याकाळी जुनी टिपणे काढून बसलो.

खांद्यावरचे क्षेपणास्त्र हे एकट्या-दुकट्या जवानाचे शस्त्र. अमेरिकेचे ‘स्टिंगर’ सुमारे सोळा किलोचे, म्हणजे दहा किलोची तांदळाची पिशवी आणि वर आणखी अर्धी. मोठ्या तोफखान्याच्या मागे रडार असते, तारा असतात, माणसांचा ताफा असतो. या जवानाकडे दोन डोळे, एक वायरलेस आणि वरून आलेला हुकूम एवढेच. आता हिशेब करा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे लढाऊ विमान एका सेकंदाला २५० मीटर कापते. पाच किलोमीटरवर दिसले तर डोक्यावर यायला वीस सेकंद. तेवढ्यात ठरवायचे, आत बसलेला आपला की परका. क्षेपणास्त्राला तर तेही कळत नाही. ते उष्णतेच्या मागे धावते, आणि उष्णतेला देश नसतो.

ओळखण्याचे मार्ग दोन. पहिला डोळ्यांचा. पंख कसे, इंजिने किती आणि कुठे, धड कसे, शेपटी कशी, या क्रमाने पाहायचे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये विमानांच्या काळ्या आकृत्यांचे पत्ते छापले जात आणि शाळकरी पोरेही ते पाठ करीत. दुसरा मार्ग यंत्राचा. त्याला ‘आयएफएफ’ म्हणतात, म्हणजे मित्र की शत्रू ते विचारणारी यंत्रणा. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न पाठवायचा. विमानातले यंत्र ठरलेले सांकेतिक उत्तर देते. स्टिंगरवाल्या जवानाच्या कमरेला अशी एक पेटी असते आणि उत्तर त्याला आवाजाच्या रूपाने ऐकू येते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हे यंत्र ‘मित्र’ एवढेच सांगू शकते. ‘शत्रू’ असे ते कधीच सांगत नाही. उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ इतकाच की उत्तर आले नाही. यंत्र बिघडलेले असेल, बंद राहिले असेल, संकेत बदलायचा राहून गेला असेल. म्हणून सैन्यात हुकुमाच्या पायऱ्या असतात. कधी ‘शत्रू असल्याची खात्री पटली तरच मारा’, कधी ‘मित्र म्हणून ओळख पटली नाही तर मारा’. दोन्ही वाक्ये ऐकायला सारखी वाटतात. पण मधल्या फरकात माणसे मेली आहेत.

६ सप्टेंबर १९३९. युद्ध सुरू होऊन तीन दिवस झालेले. इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन विमाने पाडली. त्या युद्धात मेलेला ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक आपल्याच माणसाच्या गोळीने गेला. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत रात्री १४४ अमेरिकी विमाने छत्रीधारी सैनिक घेऊन आली. खालच्या दोस्त जहाजांनी आणि तोफांनी त्यांतली २३ पाडली. त्यातून धडा घेऊन जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीआधी दोस्तांच्या हजारो विमानांना काळे-पांढरे पट्टे रंगवले. इतकी साधी युक्ती!

पट्ट्यांचा काळ सरला, यंत्रे सुधारली, तरी १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकमध्ये अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. २६ जण गेले. यंत्राला योग्य उत्तर मिळाले नव्हते, आणि जवळून जाऊन पाहिले तेव्हा डोळ्यांनाही ती रशियन बनावटीची वाटली. मनाने ‘परका’ ठरवून टाकले की डोळे साक्ष द्यायला तयारच असतात.

आणि हे सगळे परदेशातच घडते असेही नाही. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. सीमेवर विमानांची झुंज चाललेली असताना श्रीनगरजवळ बडगामला आपल्या हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ते आपल्याच जमिनीवरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पडले होते. खांद्यावरच्या नव्हे, मोठ्या ‘स्पायडर’ यंत्रणेच्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. हे कबूल करणे सोपे नव्हते. पण त्या सात घरांचे काय? शत्रूने मारले असते तर निदान रागाला एक दिशा मिळाली असती.

हे सगळे रात्री जेवताना बोललो तेव्हा मला माझी आजी आठवली. आमचे घर आईकडून कानडी, वडिलांकडून मराठी. रात्री दार वाजले की आजी आतून आधी विचारायची, "कोण?" उत्तर नाही आले तर लगेच, "यारु?" बाहेरून "नान्री!" असे आले की कडी निघायची. मराठी न कळणारा दूधवाला, कानडी न कळणारा पाहुणा, दोघेही तिच्या दारात कधी ताटकळले नाहीत. पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही म्हणजे चोर, असे तिने मानले नाही. आपल्या या भागात गेल्या साठ-सत्तर वर्षांत अशी किती दारे एकाच प्रश्नावर बंद राहिली, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मुलीला मात्र आजीपेक्षा क्षेपणास्त्रात रस. दुसऱ्या दिवशी तिने काकांना गच्चीवर गाठलेच. "काका, विचारलं आणि उत्तर आलंच नाही तर?"

"परत विचारायचं, बाळ. डोळ्यानं बघायचं. वायरलेसवर विचारायचं."

"आणि तेवढा वेळ नसेल तर?"

काका काही बोलले नाहीत. कुंडीतले पिवळे पान काढीत राहिले. मग म्हणाले, "मी एकदा नाही मारलं. सरावच होता, पण मला ठाऊक नव्हतं. उत्तर येत नव्हतं, साहेब ओरडत होते. नाही मारलं. नंतर कळलं, आपलंच होतं."

"मग शाबासकी मिळाली?"

"कसली शाबासकी! बोलणी खाल्ली. हुकूम मोडला म्हणून."

"मग?"

"मग काय? त्या रात्री झोप चांगली लागली," काका म्हणाले, आणि नळ बंद करायला खाली गेले.