पुदिन्याची विषारी बहीण

अंगणातल्या पाल्याने कुणाचे वाईट होत नाही, अशी आपल्या समाजात पक्की समजूत आहे. कोकणात बाळाला घुटी उगाळून देतात. इथे मॉरिशसमध्ये पोट बिघडले की आयापानाचे तिझान होते आणि तान्ह्या बाळाला तांबावचा काढा पाजला जातो. या चालींचा निवाडा आज मी करीत नाही. परंतु बाळाच्या तोंडात जाणारे पान वासावरून नव्हे, नावानिशी ओळखलेले असावे, एवढे माझे मागणे आहे. अमेरिकेत हे झाले नाही तेव्हा काय घडले, ते वाचकांनी जरूर लक्षात घ्यावे.

तिकडे पेनीरॉयल नावाची एक वनस्पती आहे. ती पुदिना, तुळस, मरवा यांच्याच कुळातली. वास थेट पुदिन्याचा, किंबहुना त्याहून उग्र. हिच्या वासाने पिसवा पळतात असा जुना समज. लॅटिनमध्ये पिसवेला पुलेक्स म्हणतात, त्यावरून शास्त्रीय नाव पडले मेंथा पुलेजियम. मूळची ती युरोपकडची. अमेरिकेत तिच्याच गुणाची एक देशी जातही आहे. दोन्हींच्या तेलात पुलेगोन नावाचे द्रव्य असते. यकृतात त्याचे मेंथोफ्युरान आणि आणखी घातक पदार्थ बनतात व यकृतच निकामी होते.

१९७८ साली कोलोरॅडो राज्यात अठरा वर्षांच्या एका गर्भवती मुलीने गर्भ पाडण्यासाठी हे तेल घेतले. सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे जेवणाचे दोन मोठे चमचे. इस्पितळात सर्व उपचार होऊनही ती वाचली नाही. तेल घेणे हा अविचार होता असे म्हणून आपण हात झटकू शकतो. पण १९९६ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात डॉक्टरांनी दिलेली हकीगत तशी झटकता येत नाही. दोन स्पॅनिश भाषिक कुटुंबांतील तान्ह्या बाळांना किरकोळ दुखण्यासाठी घरच्या पुदिन्याचा चहा पाजला होता. तो पुदिना नव्हता. आठ आठवड्यांचे बाळ दगावले, सहा महिन्यांचे वाचले, पण मेंदूला जबर इजा होऊन. त्या लोकांत पुदिन्याला ‘येर्बा बुएना’ म्हणतात, म्हणजे चांगली वनस्पती! पाजणाऱ्यांची माया आपल्या आज्यांपेक्षा कमी नव्हती.

सरकारने काय केले? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली कृत्रिम पुलेगोन खाद्यपदार्थांत स्वाद म्हणून घालण्याची परवानगी काढून घेतली. पण अंगणात झाड लावायला कोणाची आडकाठी असणार? कारखान्यावर नियम चालतो, परसात मात्र घरच्या माणसानेच डोळे उघडे ठेवायचे.

तिकडे स्थायिक झालेली आपली मुलेबाळे हौसेने बागा करतात, म्हणून लागवडीचेही सांगतो. वासासाठी, फुलांसाठी पेनीरॉयल लावायचीच असेल तर कुंडीत लावावी आणि कुंडी विटांवर ठेवावी. जमिनीवर सरपटणाऱ्या फांदीच्या पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात. ओलावा मिळाला की ती थांबत नाही. कॅलिफोर्नियात ओढ्याकाठी आणि ओलसर कुरणांत ती इतकी माजली की तिथल्या उपद्रवी वनस्पतींच्या यादीत तिचे नाव आहे. फुले बी धरण्याआधी खुडावीत. उपटलेले तुकडे उन्हात पार वाळवावेत, ओढ्यात वा गटारात टाकू नयेत. कुंडीवर नावाची पाटी हवीच, आणि स्वयंपाकाचा पुदिना तिच्या शेजारी नको. ओळख साधी आहे. आपल्या नेहमीच्या पुदिन्याला फुलांचा तुरा शेंड्याला येतो, हिला जांभळट फुलांचे गेंद देठाभोवती पानांच्या बेचक्यांत येतात. फूल नसेल तेव्हा मात्र नजर फसते, म्हणून पाटी. गर्भवतीने हिच्यापासून दूरच राहावे. कुत्र्याच्या पिसवांसाठी तेल चोळू नये, त्याने कुत्रा मेल्याची नोंद १९९२ सालची आहे. तेलाची बाटली तर मी घरात येऊच देणार नाही. आणि बी वा रोप सामानात दडवून परवान्याविना या बेटावर आणण्याचा मोह कोणी करू नये.

तान्ह्या बाळाला पुदिन्याच्या नावाचा कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या आजीला हे रुचणार नाही, रागावल्या तरी चालेल. आणि असे काही पोटात गेलेच तर मीठपाणी पाजून ओकारी काढीत बसू नये, तडक इस्पितळ गाठावे. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर देतात तेच अ‍ॅसिटिलसिस्टीन यावरही डॉक्टर देतात, मात्र ते लवकर मिळायला हवे. जाताना झाडाची डहाळी किंवा बाटली बरोबर घ्यावी, कारण नुसते ‘पुदिना पाजला’ एवढेच सांगितले तर डॉक्टर पुदिनाच समजतील.