पॉपकॉर्न हेल्दी आहे का? डिपेंड्स!

जुलै २०१८ आठवतोय? एरवी मुंबईत होणारं पावसाळी अधिवेशन त्या वर्षी आपल्या नागपुरात भरलं होतं. तिथे विधान परिषदेत राज्यमंत्री रवींद्र चव्हाणांनी जाहीर केलं की १ ऑगस्टपासून मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं नेता येईल. पब्लिक खूश! पण ऑगस्टमध्येच सरकारने हायकोर्टात सुरक्षेचं कारण पुढे करून घूमजाव केलं. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हे थिएटरवालाच ठरवणार. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायचं.

इतका काथ्याकूट झाला, पण सगळा किमतीचा. त्या टबात नेमकं काय असतं, हे कुणी विचारलंच नाही.

माझं म्हणणं असं की 'पॉपकॉर्न' नावाचा एक पदार्थ नाहीच, निदान तीन आहेत. हे डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटीवाल्यांनीही सांगितलं. त्या वेळच्या खुलाशानुसार खारे सुटे असतील तर ५ टक्के, पाकीटबंद असतील तर १२ आणि कॅरॅमलवाले असतील तर १८ टक्के कर. कारण काय, तर साखर घातली की ती मिठाई! नेटवर सगळ्यांनी यथेच्छ टिंगल केली. पण कर बाजूला ठेवा, आहाराच्या दृष्टीने ती वर्गवारी एकदम करेक्ट होती.

साधा पॉपकॉर्न म्हणजे अख्खं धान्य. साल, अंकुर, काहीच काढलेलं नाही. बिनतेलाचे तीन कप घेतले तर वजन जेमतेम २४ ग्रॅम, कॅलरी नव्वदच्या आसपास आणि फायबर साडेतीन ग्रॅम. चार वाजताच्या एका समोशात याच्या दुपटीहून जास्त कॅलरी असतात. शिवाय तीन कप चघळायला वेळ लागतो, तेवढ्यात एक बिल्ड होऊन जातो :-)

आता थिएटरचा टब घ्या. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्राहक संस्थेने थिएटरचे पॉपकॉर्न तपासले तेव्हा खोबऱ्याच्या तेलामुळे त्यांत सॅच्युरेटेड फॅट भरमसाट निघालं. मका बिचारा तोच, बिघडवलं ते तेलाने! मिठाचंही तसंच. डब्ल्यूएचओच्या मते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं. टब मांडीवर आणि डोळे पडद्यावर असताना हा हिशोब कोण ठेवणार?

मग करायचं काय? घरी करा ना भाऊ! जाड बुडाचं पातेलं, दोन चमचे तेल, मूठभर दाणे, वर झाकण. दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. १८० अंशांच्या आसपास त्याच्या वाफेचा दाब सालाला झेपत नाही आणि दाणा फुटतो. म्हणून दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. वाळून कोरडे झाले की फुटत नाहीत. वरून हळद, जिरेपूड, चिमूटभर मीठ. बस्स. फक्त चार वर्षांखालच्या पोरांना देऊ नका, घशात अडकतो.

प्रोटीनच्या नावाखाली मात्र कुणी पॉपकॉर्न खपवू नये. तीन कपांत जेमतेम तीन ग्रॅम! त्यासाठी सोबत मूठभर फुटाणे घ्या. आणि हो, नागपंचमीला घरोघरी ज्वारीच्या लाह्या असतात, त्याही याच जातकुळीतल्या. वर्षातून एकदा नागोबाला दाखवून पुढच्या वर्षीपर्यंत विसरायच्या कशाला?

असो. पुढच्या वेळी कुणी "पॉपकॉर्न हेल्दी असतो रे" म्हणालं, तर आधी विचारा, "कुठला?"