पेन सेट नको, पाकीट द्या!

परवा मावशीचा फोन आला. मावसभाऊ इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीही लागली, पुढच्या महिन्यात जॉइनिंग. झालं, फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच चर्चासत्र सुरू. "कायम लक्षात राहील असं काहीतरी देऊया." कोणी म्हणे भारीतला पेन सेट, कोणी चांदीचा गणपती, कोणी स्मार्टवॉच. मी लिहिलं, "सरळ कॅश द्या." ग्रुपवर शांतता. मग एका काकांचा रिप्लाय आला, "सगळं पैशात मोजू नये रे!"

माझं डोकंच फिरलं. म्हणून आजचा शनिवार याच विषयाला.

२०१९ मध्ये मी सांगलीहून पुण्याला आलो. निघण्याआधी घरी पेढे वाटून झाले होते आणि परतफेड म्हणून जमा झाले होते चार पेन सेट, दोन भिंतीवरची घड्याळं, एक ऑफिस बॅग (ती कंपनीने पहिल्याच दिवशी दिली), 'अग्निपंख'च्या तीन प्रती आणि न मोजलेले पुष्पगुच्छ. पुस्तक उत्तमच आहे हो, पण तीन? आणि पेनचं म्हणाल तर जॉइनिंगच्या फॉर्मवर सह्या केल्या त्यानंतर सगळा कारभार कीबोर्डवरच!

आता दुसऱ्या बाजूचा हिशोब बघा. वाकडला तिघांत मिळून टू बीएचके. भाडं १८,००० रुपये, डिपॉझिट ५४,०००, एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं. म्हणजे माझ्या वाट्याला १८,००० अधिक ६,००० अधिक ६,०००. एकूण ३०,००० रुपये, तेही चावी हातात मिळण्याआधी. गादी, बादली, मेस, बसभाडं वेगळंच. हातात पडणारा पगार २५,०००, आणि तो तरी कधी? मी २२ तारखेला जॉइन झालो, त्या महिन्याचं पेरोल बंद झालेलं. पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या शेवटी.

नोकरी लागल्यावर सगळ्यात जास्त कडकी असते ती या पहिल्या चाळीस दिवसांत. आणि नेमकं तेव्हाच सगळं गाव म्हणत असतं, "आता काय बाबा, आयटीवाला झाला!"

पैसे बाबांनी दिले. कुठून आणले ते मी विचारलंच नाही. दोन वर्षांनी घरी कपाट आवरताना पतसंस्थेचं पासबुक सापडलं. आईच्या बांगड्यांवर ४०,००० रुपये कर्ज. त्याच कपाटात, वरच्या कप्प्यात, तीन पेन सेट होते. पॅकिंगसकट. चौथा बहुतेक कुणाच्या तरी मुंजीत फिरवला असणार.

त्यामुळे "पैशात मोजू नये" हे वाक्य मला पचत नाही. आपण लग्नात पाकीट देतोच की, वर आठवणीने एक रुपया घालून. बाळ बघायला गेलो की त्याच्या इवल्याशा मुठीत नोट कोंबतो. तेव्हा कोणाला कोरडं वाटत नाही. मग ज्याला खरंच गरज आहे, त्याच्याच वेळी पैसा एवढा हलका कसा होतो? खरं कारण सांगू? पाकिटातला आकडा दिसतो. पेन सेटची किंमत झाकलेली राहते.

दुसरा आक्षेप ठरलेला: "पोरगं उडवेल." उडवेल थोडे, पहिल्या वीकेंडला सिंहगडावर पिठलं-भाकरी खाईल. पण डिपॉझिटमध्ये गेलेला पैसा उडत नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की तो परत येतो (रंगकामाचे कापून!). अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायची ती त्याची पहिली रक्कम.

पाकीट द्यायला अगदीच जीवावर येत असेल तर तीन लिटरचा कुकर द्या, चांगली गादी द्या. किंवा चार जण मिळून त्याच्या स्वतःच्या आरोग्य विम्याचा पहिला हप्ता भरा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर येतो आणि साधारणपणे नोकरीबरोबरच जातो. जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं. बाविसाव्या वर्षी पॉलिसी सुरू केली तर पंचविशीत तो संपलेला असतो. शिवाय वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. दिसायला काहीच नाही, शोकेसमध्येही ठेवता येत नाही, पण उपयोगाला येतं.

असो. ग्रुपवर पेन सेट फायनल झालाय, लेसरने नाव कोरून. मी वर्गणी दिली नाही. मावशीकडे न सांगता जाऊन भावाच्या हातात पाकीट ठेवून आलो, एक रुपया वर घालून. काका, राग मानू नका. बांगड्या मोडायची किंवा गहाण टाकायची वेळ मावशीवर येऊ नये, एवढंच.