बेरजेवरून निदान होत नाही

शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की आमच्या बाह्यरुग्ण विभागात ‘पोरगं एका जागी बसत नाही’ ही तक्रार वाढते. हल्ली तिच्यासोबत मोबाइलवर भरलेली प्रश्नावली असते. खाली गुणांची बेरीज, बेरजेपुढे ‘एडीएचडी’. आईवडिलांचा प्रश्न एवढाच असतो : गोळी कोणती?

अतिचंचलता आणि लक्ष न टिकणे हा विकार खरा आहे. ‘चार फटके दिले की येईल ताळ्यावर’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी मुळीच नाही. माझा आक्षेप आहे तो बेरजेला निकाल मानण्यावर.

व्हँडरबिल्ट, कॉनर्स अशा प्रश्नावल्यांत मुलाच्या वागण्याची वाक्ये असतात आणि ते किती वेळा घडते यावर खूण करायची असते. व्हँडरबिल्टमध्ये लक्ष न लागण्याच्या नऊपैकी सहा लक्षणांपुढे ‘अनेकदा’ किंवा त्याहून वरची खूण पडली की संशय धरतात. पण ‘अनेकदा’ म्हणजे किती? दिवसभर हळदीच्या रानात राबून आलेल्या आईचे ‘अनेकदा’ वेगळे, दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींचे वेगळे. ‘वर्गात जागा सोडून उठतो का?’ असा एक प्रश्न असतो. सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या पहिलीच्या पोरांची जागा कोणती, हे आधी ठरवावे लागेल! पालक आणि शिक्षक यांची उत्तरे फारशी जुळत नाहीत, हे जगभर दिसून आले आहे. इंक्लेनने भारतीय मुलांसाठी वेगळे साधन तयार केले आहे, पण तेही शिकलेल्या माणसाने पालकांशी बोलून भरायचे असते.

आता थोडे गणित. हजार शाळकरी मुलांत साधारण ५० जणांना हा विकार आहे असे धरू. जगभरचा अंदाज पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. समजा, प्रश्नावली शंभर आजारी मुलांतली ८० पकडते आणि शंभर निरोगी मुलांतली ८० बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. पण मग ५० पैकी ४० सापडतील आणि उरलेल्या ९५० पैकी १९० उगाच अडकतील. शिक्का बसलेल्या २३० मुलांत खरी ४०, म्हणजे सहांत जेमतेम एक.

अडकणारी ही मुले कोण असतात? कान वाहून ऐकू कमी आलेले. फळा न दिसणारे. टॉन्सिल-अडेनॉइड वाढल्याने रात्रभर घोरणारे आणि दिवसा चिडचिडणारे. क्षणभर टक लावून हरवणारे, म्हणजे फिट येणारे. वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेले. आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन चार-पाच महिन्यांनी परतलेले, ज्याला पुस्तकातले पानच ओळखीचे वाटत नाही. त्याचे लक्ष लागेल कशात?

उलटही होते. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुलीचा कुणाला त्रास नसतो, म्हणून तिच्यासाठी कागद कुणी भरतच नाही.

निदानाचे निकष सांगतात की लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी हवीत. शिवाय त्यांनी मुलाचे खरोखर अडलेले हवे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही केवळ प्रश्नावलीवरून निदान करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. प्रश्नावली टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. उपचार सुरू झाल्यावर फरक मोजायला ती फार उपयोगी पडते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा विकारही आहे आणि त्याची पथके शाळांत येतात. माझ्या मते, अशा मुलाची प्रश्नावली भरण्याआधी त्याचे कान आणि डोळे तपासलेच पाहिजेत.

पालकांनी दवाखान्यात येताना बेरजेसोबत मुलाच्या दोन वर्षांच्या वह्या आणाव्यात. मूल रात्री घोरते का, किती वाजता झोपते, शाळा किती दिवस बुडली, हे लिहून आणावे. आणि गुरुजींना खुणा करण्याऐवजी स्वतःच्या शब्दांत चार ओळी मागाव्यात.