वर्दी खुंटीला, मन बंदोबस्तात

गेल्या आठवड्यात पाचवीच्या वर्गाला ‘माझे बाबा’ हा निबंध घातला होता. एका मुलीने चारच वाक्ये लिहिली : ‘माझे बाबा पोलीस आहेत. ते घरी आले की आम्ही टीव्ही बंद करतो. बाबा बोलत नाहीत. आम्हीपण बोलत नाही.’ मी आपला लाल शाईने शेरा मारला, ‘निबंध फार लहान आहे.’ दुसऱ्या दिवशी तिची आई वही घेऊन शाळेत आली. “बाई, याहून जास्त ती काय लिहिणार हो?” मी अगदी ओशाळले.

मग त्या बोलत्या झाल्या. गणपतीचा बंदोबस्त संपतो न संपतो तोच नवरात्र, मग कुणाची सभा, मग निवडणूक. सणावाराला रजा बंद! “पूर्वी किती हसरे होते. आता भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवतात. माझंच काही चुकतं का?” त्यांचे सासरेही हवालदार होते. निवृत्तीला नऊ वर्षे झाली, तरी अपरात्री फोन वाजला की अजून उठून बूट शोधतात!

नाही हो, त्यांचे काही चुकत नाही. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे आपल्या देशातला पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतो. धोका दिसला की शरीर सज्ज होते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो. धोका टळल्यावर ते निवायला हवे. पण वर्षानुवर्षे विसावाच मिळाला नाही, तर रक्तदाब, मधुमेह, निद्रानाश आणि चिडचिड मुक्कामाला येतात. आपण मात्र म्हणतो, ‘स्वभावच तापट!’

यावर उपाय मुख्यतः खात्यानेच करायचा. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्यूटीचा आदेश निघाला. म्हणजे घड्याळ बदलता येते!

तोवर घरात काय करावे? आल्या आल्या तक्रारींचा पाढा नको. आधी हातपाय धुणे, जेवण, मग बोलणे. रात्रपाळीनंतर खोलीत अंधार करावा आणि झोप पुरी होऊ द्यावी. बंदोबस्तात चहा-वडापाववर दिवस निघतो, म्हणून पिशवीत भाकरी, फुटाणे, पाण्याची बाटली द्यावी. रक्तदाब आणि साखर वेळच्या वेळी तपासून घ्यावी. मुलांनाही सांगावे, ‘बाबा तुमच्यावर रागावलेले नाहीत, थकलेत.’

पण एक लक्षात ठेवा. झोप उडाली, दारू वाढली, ‘आता जगण्यात राम नाही’ असे शब्द तोंडी आले, तर लोक काय म्हणतील म्हणून झाकून ठेवू नका. डॉक्टर गाठा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस, मोफत आहे, तिथे तुम्ही स्वतःही बोलू शकता. आणि अंगावर हात उठू लागला, तर ‘कामाचा ताण आहे’ म्हणून सोसत बसू नका. माहेरी, शेजारी, कुणाला तरी लगेच सांगा. ताण खरा असला, तरी मार खाणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

त्या मुलीच्या वहीतला माझा शेरा मी खोडला. खाली लिहिले, ‘खरे लिहिलेस. शाबास.’