पेढीचे प्रतिक्रमण

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हा कापसाचा मुलूख. हंगामात जिनिंगच्या दारात आलेल्या गाडीचे वजन, ओलाव्याची तपासणी, भाव, माल खाली करणे, हिशोबपट्टी आणि चुकारा असे टप्पे ठरलेले असतात. कार्यपद्धती सुधारणारा विश्लेषक प्रथम काहीच सुचवीत नाही. तो एका गाडीमागून चालतो व प्रत्येक टप्प्याची वेळ टिपतो. काम मिनिटांचे आणि खोळंबा तासांचा, हे तेव्हाच उमगते.

क्रमालाही मोल असते. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभाव खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपुढे गेला की भाव घटतो. 12 टक्क्यांपुढे माल स्वीकारला जात नाही. खाजगी खरेदीतही ओलावा पाहूनच भाव ठरतो. तो माल खाली झाल्यावर सांगितला, तर शेतकऱ्याला नकार देण्याची वाटच राहत नाही. आधी सांगितला, तर तंट्याला कारण उरत नाही. माणसे तीच, काटा तोच. बदलतो केवळ क्रम.

तत्त्वार्थसूत्राने हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापातील खोट, हा अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. काटा खरा असूनही क्रम चुकला, तर समोरच्याची हानी होतेच. म्हणून सायंकाळच्या प्रतिक्रमणाप्रमाणे पेढीनेही दिवसभराच्या व्यवहाराची आलोचना करावी. त्या वेळी ‘कोण चुकला’ हे न विचारता ‘कोणता टप्पा चुकला’ हे विचारावे.