वळिवड्याचा धडा : आश्रयाला अधिकाराची जोड हवी

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोलंडचा दौरा केला. मोरारजी देसाई यांच्या १९७९ मधील भेटीनंतर पंचेचाळीस वर्षांनी भारताचा पंतप्रधान त्या देशात जात होता. वॉर्सा येथे त्यांनी ज्या स्मारकांपुढे आदरांजली वाहिली, त्यांपैकी एक स्मारक कोल्हापूरच्या नावाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश कुटुंबांना करवीरच्या भूमीने आसरा दिला, त्याचे ते कृतज्ञ स्मरण! युरोपातील एका राजधानीत कोल्हापूरचे नाव आदराने घेतले जावे, ही प्रत्येक मराठी माणसाची मान उंचावणारी गोष्ट होय.

तथापि, या अभिमानाबरोबरच एक प्रश्नही उभा राहतो. आसरा देणे म्हणजे नेमके काय देणे? डोक्यावर छप्पर आणि ताटात अन्न, एवढ्याने शरणागताचे आयुष्य पुन्हा उभे राहते काय? या प्रश्नाचे उत्तर वळिवड्याच्या मातीतच आहे. पाकिस्तानातून जीव आणि धर्म वाचवून आलेले हजारो हिंदू आज भारतात मुदतीच्या कागदावर दिवस काढीत असताना ते उत्तर समजून घेणे अगत्याचे आहे.

पाहुणचाराची पाच वर्षे

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. त्यानंतरच्या दोन वर्षांत लाखो पोलिश नागरिकांना घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानच्या ओसाड प्रदेशांत नेण्यात आले. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टॅलिनने नाइलाजाने या बंदिवानांची सुटका मान्य केली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून हे लोक इराणमध्ये पोहोचले. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सेनेत दाखल झाले. पुढे १९४४ मध्ये इटलीतील माँटे कॅसिनोच्या रणांगणावर हीच सेना लढली. मागे उरल्या त्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध. त्यांना कोण ठेवून घेणार?

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी आपल्या संस्थानाचे दार उघडले. त्यापाठोपाठ १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा बालराजे होते आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या रीजन्सीकडे होता. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित येथे राहिले. त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, इस्पितळ, नाट्यगृह, दुकाने असे एक छोटे पोलंडच पंचगंगेच्या परिसरात वसले. त्यांच्या भाषेला वा उपासनेला कोणी आडकाठी केली नाही. त्यांनी धर्म बदलावा, अशी अपेक्षा तर कोणाच्या मनातही आली नाही. शिबी राजाची कथा ज्या समाजात आजी नातवंडांना सांगते, त्या समाजाला हे वेगळे शिकवावे लागले नाही.

परंतु हा पाहुणचार होता, पुनर्वसन नव्हे. छावणीचा कारभार आणि खर्च लंडनस्थित पोलिश सरकारच्या आधाराने चाले. निर्वासितांची ओळखही त्याच सरकारवर अवलंबून होती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वळिवड्यातील माणसांच्या पायाखालची वाळू सरकली. युद्ध संपले होते, विजय दोस्तराष्ट्रांचा झाला होता. मात्र याल्टा येथील वाटाघाटींत पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाच्या पदरात पडला होता. ज्या गावांतून त्यांना उचलून नेले, ती गावेच आता पोलंडमध्ये नव्हती. परत जावे तर साम्यवादी राजवट, राहावे तर कोणत्या अधिकाराने?

पुढे ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून सैनिकांच्या कुटुंबांना आपल्याकडे घेतले. इतर कुटुंबे जगभर विखुरली आणि १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. येथील तरुणांशी विवाह केलेल्या मोजक्या पोलिश स्त्रिया तेवढ्या कोल्हापूरच्या सुना म्हणून राहिल्या. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ आणि २०१९ मध्ये वळिवड्यात उभारलेला स्तंभ या पाच वर्षांची साक्ष देतात.

तीच भूमी, वेगळे भवितव्य

पोलिश कुटुंबे निघून गेली आणि त्याच बराकींत दुसरे निर्वासित आले. फाळणीने सिंध गमावलेले हे हिंदू होते. वळिवड्याची छावणी गांधीनगर झाली. आज हे गांधीनगर म्हणजे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. लग्नसराईच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रातून आणि सीमाभागातून खरेदीसाठी तेथे झुंबड उडते. ज्यांच्या वाडवडिलांनी अंगावरच्या वस्त्रांनिशी सिंध सोडले, त्यांच्या पुढच्या पिढ्या इतरांना वस्त्रे पुरवीत आहेत!

भूमी तीच, बराकी त्याच, भोवतालचा समाजही तोच. मग एका समूहाची छावणी उठली आणि दुसऱ्याची बाजारपेठ झाली, असे का? सिंधी समाजाची उद्यमशीलता हे त्याचे एक कारण निश्चितच आहे. त्याच्या जोडीला दुसरे कारण होते, ते अधिकाराचे. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे राहिलेल्यांना नागरिक मानले आणि त्यानंतर आलेल्यांना नोंदणीचा मार्ग दिला. १९५४ मध्ये विस्थापितांच्या भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. म्हणजेच गांधीनगरच्या सिंधी माणसाने दुकानाची पहिली फळी लावली, ती या देशाचा नागरिक म्हणून. पुढच्या वर्षी येथे राहता येईल की नाही, ही धास्ती त्याच्या मानेवर नव्हती. माणूस धंद्यात भांडवल घालतो, घर बांधतो, मुलांना शिकवतो, ते उद्याच्या भरवशावर. हा भरवसा नागरिकत्वाने त्याला दिला.

मुदतीच्या आश्रयाचे जगभरचे अनुभव

तात्पुरत्या आश्रयाची व्यवस्था इतर देशांतही आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने ‘तात्पुरता संरक्षित दर्जा’ निर्माण केला. युद्ध किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे मायदेशी जाऊ न शकणाऱ्यांना सहा ते अठरा महिन्यांसाठी राहण्याची आणि काम करण्याची परवानगी त्यातून मिळते. एल साल्वादोरच्या नागरिकांना २००१ च्या भूकंपानंतर असा दर्जा मिळाला आणि त्याची मुदत दोन दशकांहून अधिक काळ वाढत राहिली. माणसे तेथे संसार थाटून बसली, मुले तेथेच जन्मली. पण प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी तोच अर्ज आणि तीच टांगती तलवार. नावात ‘तात्पुरता’ असलेला दर्जा आयुष्यभर पुरवला की त्याचे असे होते.

युरोपीय संघाने २००१ मध्ये केलेली अशीच तरतूद मार्च २०२२ मध्ये प्रथमच, युक्रेनच्या निर्वासितांसाठी अमलात आणली. राहणे, काम करणे आणि मुलांचे शिक्षण या तिन्ही गोष्टी तीत एकत्र आहेत. या वेळी सर्वाधिक भार उचलणाऱ्यांत पोलंड होता. युक्रेनमध्ये अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही पोलंडने आपल्या सीमेतून वाट दिली आणि ‘ऑपरेशन गंगा’तून ते सुखरूप घरी पोहोचले. वळिवड्याचे ऋण असे फिटले, असे म्हणायला हरकत नाही.

पाकिस्तानी हिंदूंची व्यथा

आता स्वतःच्या घराकडे वळू. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. येथे शरणार्थीला मिळतो तो ‘दीर्घ मुदतीचा व्हिसा’. पाकिस्तानातील हिंदू कुटुंब बहुधा यात्रेच्या किंवा नातलगांच्या भेटीच्या व्हिसावर येते, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवते आणि या व्हिसासाठी अर्ज करते. मोठ्या शहरांबाहेर जिल्हा पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी असतात. पारपत्र, वास्तव्याचा पुरावा, भारतीय जामीनदार अशी कागदपत्रे जमवावी लागतात. मुदत संपत आली की पुन्हा तेच चक्र. सिंधमधील एखाद्या खेड्यातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या शेतमजुराने हे ऑनलाइन अर्ज कसे भरायचे?

केंद्र सरकारने या बाबतीत पावले उचलली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०१६ मध्ये या व्हिसाधारकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यासाठी घर आणि स्वयंरोजगारासाठी जागा घेण्याची मुभा मिळाली. नागरिकत्व नोंदणीचे हजारो रुपयांचे शुल्क शंभर रुपयांवर आले. २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला, ११ मार्च २०२४ रोजी त्याचे नियम आले आणि १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिली प्रमाणपत्रे दिली गेली. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले; मात्र पाकिस्तानी हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असे सरकारने स्पष्ट केले. तो खुलासा येईपर्यंत या कुटुंबांनी काढलेले तास आठवले, म्हणजे मुदतीच्या कागदावरचे जगणे काय असते ते कळते.

कायद्याने धर्माच्या आधारावर भेद केला, अशी टीका झाली. परंतु भेद फाळणीनेच केला होता. १९५० च्या नेहरू-लियाकत करारात दोन्ही देशांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची हमी दिली. त्याच वर्षी पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांना, तेथील हिंदूंची दैना पाहून राजीनामा देऊन भारतात यावे लागले. जेथे कायदामंत्र्याची ही गत, तेथे वाड्यावस्त्यांवरील गरीब हिंदूने कोणाकडे दाद मागावी? या कायद्याने कोणत्याही भारतीयाचे नागरिकत्व जात नाही आणि इतरांसाठी असलेले नागरिकत्वाचे जुने मार्गही बंद होत नाहीत.

तरीही काम संपलेले नाही. कायद्याची सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना आहे. त्यानंतर आलेल्यांना सामान्य मार्गाने अकरा-बारा वर्षे थांबावे लागते. १ सप्टेंबर २०२५ रोजी नवा आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, त्या वेळी २०२४ च्या अखेरपर्यंत आलेल्या पीडित अल्पसंख्याकांना पारपत्राअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली. ही सूट म्हणजे अभय, नागरिकत्व नव्हे. मधल्या वर्षांत मुले मोठी होतात, पदव्या गंजतात. पाकिस्तानातून आलेल्या वैद्यकीय पदवीधरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये परीक्षेचा मार्ग खुला केला, पण तो नागरिकत्व मिळालेल्यांना. शिकलेला डॉक्टर दवाखाना उघडू शकत नाही आणि गावाला डॉक्टर मिळत नाही, यात लाभ कोणाचा?

समाजाने काय करावे?

शासनाकडून अपेक्षा आहेतच. वेळेत केलेला अर्ज निकाली निघेपर्यंत जुना व्हिसा वैध मानावा आणि तसे बँकेला, शाळेला, मालकाला दाखवता येईल असे पत्र मिळावे. २०१६ मध्ये नागरिकत्वाच्या अर्जांचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना देताना महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर एवढेच जिल्हे निवडले गेले. निर्वासितांना बाजारपेठ उभारू देणारे कोल्हापूर त्यात नव्हते. व्हिसाची मुदतवाढ असो वा नागरिकत्वाची नोंदणी, अशी कामे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी तत्परतेने व्हावीत. घुसखोर आणि शरणार्थी यांतील फरक घोषणांनी ठरत नाही. चोख नोंदणीने ठरतो. ज्याचा कागद वेळेवर तपासला आणि वेळेवर दिला, त्याच्याविषयी संशयाला जागा उरत नाही. राष्ट्रीय सुरक्षेचे हितही त्यातच आहे.

परंतु सारे शासनावर सोपवून समाजाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे. २०२४ च्या नियमांनुसार अर्जदाराच्या चारित्र्याविषयी एका भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र लागते आणि स्थानिक मान्यताप्राप्त संस्थेचा दाखलाही लागतो. म्हणजे कायद्यानेच समाजाला या कार्यात आसन मांडून दिले आहे! कायदा संमत झाला तेव्हा पेढे वाटणारे हात किती अर्ज भरण्यासाठी पुढे आले, याचा विचार प्रत्येक शाखेने आणि प्रत्येक मंडळाने करावा. निवृत्त शिक्षकाने अर्ज लिहून द्यावेत, वकिलाने प्रतिज्ञापत्र करून द्यावे, संगणक जाणणाऱ्या तरुणाने कागदपत्रे चढवून द्यावीत, व्यापाऱ्याने काम द्यावे, गृहिणींनी त्या घरातील मुलींना मराठी शिकवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्यातील दोन तास आणि मुदतीच्या तारखांची एक वही पुरते. या वहीतील एक तारीख चुकली तर एका कुटुंबाची नोकरी आणि छप्पर दोन्ही संकटात येतात, याचे भान मात्र हवे.

पोलिश पाहुण्यांना करवीरने मायेने वागवले. तरी ती माया त्यांना मुक्कामाचा हक्क देऊ शकली नाही, कारण तो देणे तिच्या हाती नव्हते. आज देश स्वतंत्र आहे, कायदा आहे आणि दाराशी आलेला तर रक्ताचाच भाऊ आहे. वळिवड्याचे गांधीनगर झाले, तसे प्रत्येक निर्वासित वस्तीचे व्हावे. त्यासाठी या बांधवांच्या हाती मुदतीच्या कागदाऐवजी नागरिकत्वाचे प्रमाणपत्र पडेपर्यंत त्यांच्यासोबत कचेरीच्या पायऱ्या चढणे, हेच आजचे राष्ट्रकार्य होय.